कोच लॉइडला नारळ

चारुदत्तला ‘नाही’ म्हणता येत नसे. हा गुण की दोष यावर त्याच्या घरी कधी वाद झाला नाही, कारण बायकोच्या मते तो सरळसरळ दोष होता. सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत तो हिशेबतपासणीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात लोक त्याला कशाचा ना कशाचा सेक्रेटरी करायचे. मंडळाच्या गणपतीचा तो सेक्रेटरी होता, तो राहायचा त्या पुंगोलमधल्या बॅडमिंटन ग्रुपचा होता, आणि गेल्या वर्षापासून मुलीच्या आइस हॉकी क्लबच्या पालक समितीचाही झाला होता. आइस हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बैठकीची मिनिट्स छान लिहितो म्हटल्यावर खेळ कळायची गरज कोणाला वाटली नाही.

आता विषुववृत्ताला खेटून असलेल्या या गावात बर्फावरचा खेळ खेळायची अवदसा कोणाला आठवावी? तर ती त्याच्या मुलीला, क्षिप्राला आठवली होती. सातवीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या बर्फाच्या रिंकवर गेली आणि परत आली ती स्केट्स पाहिजेत म्हणूनच. आई-बापांना वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता ती ज्युनियर संघात बचावाला खेळायची, म्हणजे समोरून पक घेऊन येणाऱ्याला आपल्या गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे तिचं काम. पक म्हणजे रबराची जाड, काळी चकती. ती लागली की काय होतं हे क्षिप्राच्या पोटरीवर जांभळ्या रंगात कायम लिहिलेलं असे आणि तिची आई सुनेत्रा त्यावर हळद लावताना क्लबच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे.

या संघाला शिकवायला होते कोच लॉइड. वय साठीच्या पुढे, उंची दारात वाकून यायची, पुढचे दात खोटे आणि उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. अमेरिकेत उत्तरेला, जिथून पुढे कॅनडाच लागतो, अशा कुठल्याशा खाणींच्या गावातला हा माणूस. तरुणपणी सगळी वर्षं तोही बचावालाच खेळला. नंतर शाळांत शिकवलं, एका छोट्या कॉलेजात शिकवलं, जपानमध्ये कोणाच्या तरी हाताखाली शिकवलं. मुलीने इथल्या मुलाशी लग्न केलं तसा तो बायकोच्या पश्चात यिशुनला मुलीच्या घरी राहायला आला आणि नातवंडांना शाळेत सोडून झाल्यावर दिवसाचं करायचं काय म्हणून आमच्या या मॉलमधल्या बर्फावर उतरला.

तक्रार अशी होती की संघ हरत होता. क्वालालंपूरला हरला, बँकॉकला हरला, इथल्या इथे दुसऱ्या क्लबकडूनही हरला. आणि कोच लॉइड मुलांना काय शिकवत होते, तर उलटं स्केटिंग. पाठ गोलकडे आणि तोंड समोर ठेवून मागे मागे जायचं. तीन-तीन महिने तेच. पालकांनी रिंकबाहेरच्या कॅफेत बसून फोनमधून डोकं वर काढावं तेव्हा मुलं मागे जाताना दिसायची, आणि पैसे टाकून मूल पुढे जाण्याऐवजी मागे जातंय हे सिंगापूरच्या पालकाला बघवत नाही. त्यात युरोपातून आलेला एक तरुण कोच मोकळा होता. त्याचे व्हिडिओ होते, त्याच्याकडे ‘प्रोग्रॅम’ होता, आणि त्याच्या शब्दकोशात हरणं हा शब्दच नव्हता असं तो स्वतः सांगत असे.

रविवारी कोपीटियममध्ये, म्हणजे इथल्या साध्या कॉफीच्या हॉटेलात, समितीची बैठक झाली. अध्यक्ष मिस्टर सीटो यांनी कॉफी ढवळत विषय मांडला आणि कोण कोण अनुकूल आहे विचारलं. चार हात वर गेले. चारुदत्तने ते पाहिले आणि त्याचाही हात आपोआप वर गेला. ठराव एकमताने मंजूर, असं त्यानेच मिनिट्समध्ये लिहिलं. मग सांगायचं कोणी, यावर बराच वेळ सगळे कॉफीकडे बघत बसले. शेवटी सीटोंनी चारुदत्तच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही इंडियन लोक फार पोलाइट असता, तूच सांग, ते म्हणाले. शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी सांगून टाक, म्हणजे सोमवारपासून नवा माणूस येईल.

घरी आल्यावर चारुदत्तने हे सगळं सुनेत्राला सांगितलं. ती मेथी निवडत होती. बँकेत माणसं काढण्याच्या खात्यातच तिची बारा वर्षं गेली असल्यामुळे तिने मान वर केली नाही.

“म्हणजे दिलात नारळ म्हाताऱ्याला,” ती म्हणाली.

“दिला नाही अजून. शनिवारी द्यायचाय. आणि मलाच द्यायचाय.”

आता हे बोलणं चाललं होतं तेव्हा क्षिप्रा पलीकडच्या खोलीत होती आणि तिच्या एका कानातला इअरफोन निघालेला होता. सांगलीत किंवा पुण्यात वाढलेल्या पोराला कोणाला नारळ देणं म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. कोणाच्या तरी मामाला कंपनीने कधीतरी नारळ दिलेला असतोच, आणि त्यानंतर मामा दुपारी घरी दिसायला लागतो. पण पुंगोलमध्ये वाढलेल्या मुलीने जेवढे नारळ दिले जाताना पाहिले होते ते सगळे मंडळाच्या स्टेजवर. पाहुणे यायचे, बाबा माइकवर त्यांच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलायचा, मग शाल पांघरून हातात नारळ द्यायचे आणि सगळे टाळ्या वाजवायचे. शनिवारी बाबा कोचना नारळ देणार, म्हणजे दुसरं काय असणार?

ती खोलीतून धावत आली आणि तिने चारुदत्तच्या गळ्याला मिठी मारली. चौदा वर्षांची मुलगी आपणहून मिठी मारते हा प्रसंग घरात वर्षा-दोन वर्षांनी एकदा यायचा. “बाबा, यू आर द बेस्ट ला,” इथल्या पोरांसारखा शेवटी ‘ला’ लावत एवढंच म्हणून ती परत गेली. चारुदत्तला वाटलं, तिला नव्या फोनचं काहीतरी मागायचं असेल.

आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. ऑफिसला जाताना त्याने फोनवर कोच लॉइडची कारकीर्द शोधून काढली, ती थोडाफार धीर यावा म्हणून. सतरा हिवाळे खेळलेला माणूस, नऊ संघ बदललेले, बहुतेक सगळे दुसऱ्या दर्जाचे. सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकच हंगाम, तोही अर्धा, आणि त्यात गोल शून्य. सबंध आयुष्यात केलेले गोल एखादा बरा खेळाडू एका हंगामात करेल इतके. हिशेबतपासनीस माणसाला असा तक्ता दाखवला की तो काय म्हणणार? समितीचं काही चुकलं नाही, असं चारुदत्तने स्वतःला बजावलं आणि त्याला थोडं बरंही वाटलं.

शनिवारी तो लवकरच रिंकवर पोचला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत दातांवर दात वाजत होते. महाबळेश्वरसाठी कधीकाळी घेतलेलं जॅकेट घालून तो प्रथमच कॅफेत न जाता थेट काचेपाशी जाऊन उभा राहिला, कारण कॅफेत इतर पालक भेटले असते. बर्फावर मोठ्या मुलांची बॅच होती, विशी-पंचविशीतली, इथली सक्तीची आर्मी करून आलेली धट्टीकट्टी मंडळी. आणि त्यांच्यात कोच लॉइड.

एकेक मुलगा मधल्या रेषेवरून पक घेऊन सुटायचा आणि कोच लॉइड त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत राहायचे. पहिला आला तो बाणासारखा आला. चारुदत्तला वाटलं, आता हा म्हातारा आपटतो. पण म्हातारा काहीच करत नव्हता. एका हातात स्टिक सैल धरलेली, गुडघे वाकलेले, नजर समोर. मुलाने डावीकडे हूल दिली, ते हलले नाहीत. उजवीकडे दिली, तरी हलले नाहीत. ते फक्त मागे जात होते, आणि मागे जाता जाता त्या मुलाच्या पुढ्यातली जागा बोटभर बोटभर कमी करत होते. शेवटी त्या मुलाच्या लक्षात आलं की आपण गोलपासून दूर, कोपऱ्यातल्या फळीशी येऊन उभे आहोत आणि पक कोचच्या स्टिकवर आहे. त्याला कोणी धक्का दिला नव्हता, साधा हातही लावला नव्हता.

दुसरा आला, तिसरा आला. पाचवा तर इतका चपळ होता की त्याचे पाय दिसत नव्हते. त्याने काय काय केलं हे सांगायला शब्द कमी पडतील, पण तोही त्याच कोपऱ्यात जाऊन थांबला. मग त्याने हेल्मेट काढलं आणि तो नुसता हसत सुटला. देवळात मोठी आरास बघून माणूस उगीच हसतो तसं ते हसू होतं.

चारुदत्तच्या अंगावर सर्रकन काटा आला. थंडीचा नव्हे, थंडी तो विसरला होता. सांगलीच्या शाळेत तो आट्यापाट्या खेळला होता. मैदानावर चुन्याच्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभा आणि दुसऱ्या संघाने हूल देऊन पार जायचं. त्यांचे सर ओरडायचे की पाय बघू नका रे, हात बघू नका, पाय आणि हात खोटं बोलतात, कमरेकडे बघा. कंबर खोटं बोलत नाही. चारुदत्तला ते कधी जमलं नाही, प्रत्येक वेळी तो पायांना फसायचा. आणि आता, चाळीस वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, कारखान्यासारख्या दिव्यांखाली, एक माणूस समोरच्या कमरेवर नजर ठेवून उलट्या पावलांनी वाऱ्यासारखा चालला होता, आणि पाच तरण्याबांड पोरांतलं एकही त्याला फसवू शकलं नव्हतं. एवढं सुंदर काही आपण गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही, असं त्याला वाटलं. आणि वर्षभर हे चाललेलं असताना आपण काचेपलीकडे कॅफेत बसून मिनिट्स टाइप करत होतो, हेही त्याच्या लक्षात आलं.

बॅच संपली. कोच लॉइड बर्फावरून रबरी मॅटवर आले आणि एका पावलात म्हातारे झाले. कठडा धरून, एकेक गुडघा हाताने उचलल्यासारखा उचलत ते बाकापर्यंत आले आणि धपकन बसले. चारुदत्त त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. मेट्रोच्या नॉर्थ ईस्ट लाइनवर पाठ केलेलं पहिलं वाक्य त्याने तोंडात आणलं, पण बाहेर आला तो नुसता खोकला.

कोचनी लेस सोडता सोडता त्याच्याकडे पाहिलं. “हा चेहरा मला ओळखीचा आहे,” ते म्हणाले. “बस.”

मग तेच बोलत राहिले, आणि तक्रारीचा सूर त्यात औषधालाही नव्हता. त्यांना आजवर पुष्कळांनी काढलं होतं. एकदा रात्रीच्या बसमध्ये फोन आला आणि पुढच्या गावात उतरून घे म्हणून सांगण्यात आलं. एकदा ते आत जबड्याला टाके घालून घेत होते आणि बाहेर आले तर त्यांच्या कपाटावर दुसऱ्याचं नाव लागलेलं होतं. एकदा सगळं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं सापडलं. आणि ज्याला हे सांगायचं काम दिलेलं असे तो नेहमी सगळ्यात भला माणूस असे, आणि त्याला नेहमी खोकला येत असे.

चारुदत्तने विचारलं, इतकी वर्षं मग टिकलात कशाच्या जोरावर? गोल तर फारसे नव्हते. हे बोलल्यावर त्याने जीभ चावली, पण कोच मोठ्याने हसले. गोल दुसरे करतात, ते म्हणाले. गोलकीपर एकटा असतो. पक त्याच्याकडे निघाला की मध्ये जाऊन पडायचं, छातीवर घ्यायचा, गुडघ्यावर घ्यायचा, तोंडावर आला तर तोंडावर. त्यांनी वाकडी करंगळी वर करून दाखवली. सामना संपल्यावर गोलकीपर कधीकधी नुसता खांद्याला हात लावून जायचा. तेवढं पुरे व्हायचं. हे सगळं ते आज भाजी काय केली होती हे सांगावं तसं सांगत होते, आणि चारुदत्तला मात्र त्या तक्त्यातलं शून्य डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या शून्यात न झालेले किती गोल होते, ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

“कधीपासून?” कोचनी विचारलं.

“सोमवारपासून,” चारुदत्त कसाबसा म्हणाला.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले की पण मुलांनी आज काहीतरी ठरवलंय, मला कळू नये म्हणून आठवडाभर कुजबुजतायत. माझ्या मुलीलाही यिशुनहून बोलावून घेतलंय. तुझी क्षिप्राच सगळं करतेय. ती मुलांना सांगते, बाबांचीच आयडिया आहे, बाबा कोचना कोकोनट देणार आहेत, आणि ते मला ऐकू येतंच.

मेथी, सुनेत्रा, तो इअरफोन, ती मिठी, सगळं एका क्षणात चारुदत्तसमोर उभं राहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने अडखळत, शरमेने लाल होत, नारळाची मराठी भाषेतली दोन्ही कामं त्या अमेरिकन माणसाला समजावून सांगितली: एक मानाचा आणि एक घरी पाठवण्याचा, आणि त्याच्या मुलीला त्यातला एकच ठाऊक होता.

कोच लॉइडनी हातातली लेस सोडून दिली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की दोन्ही गुडघे धरून बसावं लागलं. डोळे पुसून त्यांनी विचारलं, “म्हणजे तिला अजून माहीत नाही?”

“नाही.”

“मग कळायला नको. हे माझ्यावर सोड.”

तोवर मुलं यायला लागलीच होती. स्केट्स चढवून सगळी रबरी मॅटवर अर्धगोलात उभी राहिली, मागे पालक, त्यांत कोचची मुलगी दोन नातवंडांना घेऊन, आणि सुनेत्राही, जिला क्षिप्राने नुसतं ‘मस्ट कम’ एवढंच सांगितलं होतं. नारळ आला तो शहाळं निघाला. खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमधून आणलेलं, हिरवंगार, वरून तासलेलं, आणि कोणीतरी त्यात स्ट्रॉसुद्धा खोचली होती. शाल सुनेत्राच्या कपाटातली, तिच्या लग्नातली. ती पाहून सुनेत्राला सगळा उलगडा झाला असावा, कारण तिने गर्दीतून नवऱ्याकडे जे पाहिलं त्यात रागापेक्षा दयाच जास्त होती. मिस्टर सीटो तर खूश झाले. फेअरवेल पण एकदमच उरकलं, गुड आयडिया, असं ते चारुदत्तच्या कानात पुटपुटले.

क्षिप्राने भाषण केलं. मुलांनी कोचचे जुने सामने कुठून कुठून शोधून पाहिले होते, धुरकट व्हिडिओ, निम्मी रिकामी स्टेडियमं. ती म्हणाली की त्यात स्कोअर करणाऱ्यांचीच नावं घेतात, कोचचं नाव कोणी घेतच नाही, म्हणून आम्ही प्रत्येक सामन्यात कोच कुठे आहेत ते शोधत बसलो. आणि प्रत्येक वेळी ते पकच्या वाटेतच होते. “ऑलवेज इन द वे, ला,” ती म्हणाली, आणि मुलं हसली, पण तिचा स्वतःचा आवाज थोडा फाटला. मग तिने हात उंच करून त्यांच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात शहाळं दिलं.

कोच लॉइडनी शहाळ्याकडे पाहिलं, शालीची किनार बोटांनी चाचपली. ते म्हणाले की मला उभं करून कोणी काही देण्याची ही पहिलीच वेळ आहे. आणि मग, अगदी सहज, ते पुढे म्हणाले की मलाही तुम्हाला एक सांगायचंय. गुडघे आता ऐकत नाहीत. डॉक्टर ओरडतात, मुलगी ओरडते. तेव्हा मी ठरवलंय की आता थांबायचं. आजची ही शेवटची प्रॅक्टिस. समितीने आग्रह केला होता, पण मीच नको म्हटलं.

सीटोंनी सुटकेचा श्वास टाकला. आणि चारुदत्त त्या उंच, वाकलेल्या, लग्नातली शाल पांघरलेल्या माणसाकडे पाहत राहिला. काय झालं ते त्याला लख्ख दिसलं होतं. क्षिप्राच्या भाबडेपणाचं हसं होऊ नये, तिच्या बापाला तिच्यापुढे खाली बघायला लागू नये, म्हणून हा माणूस सतरा हिवाळे जे करत आला तेच पुन्हा, कोणाला न सांगता, करून मोकळा झाला होता. आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. चारुदत्तला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मंडळाच्या स्टेजवर त्याने इतक्या नारळांबरोबर इतकी विशेषणं वाटली होती, पण त्यातलं एकही त्याला आता सुचेना.

क्षिप्रा त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती चक्क मराठीत बोलली.

“बाबा, तुला माहीत होतं?”

हो म्हटलं तरी भागलं असतं, नाही म्हटलं तरी. मागे कोच लॉइड त्याच्याकडे बघत मान बारीकशी आडवी हलवत होते, बोलू नकोस म्हणून. ज्या माणसाला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं त्याने ती मान पाहिली.

“नाही,” चारुदत्त त्या मानेकडे बघत म्हणाला. “ते थांबत नाहीयेत. आपण त्यांना काढतोय. रविवारी ठरलं, मीही हात वर केला, आणि आज मी तेच सांगायला आलो होतो. आमच्याकडे त्यालाही नारळ देणं म्हणतात, बाळा. तू ऐकलास तो नारळ हा नव्हता.”

मग तेच त्याने सगळ्यांसाठी इंग्रजीत सांगितलं, आवाज चढू न देता. सीटो बुटांकडे बघायला लागले. क्षिप्राचा चेहरा पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला.

“तू त्यांचं कोचिंग बघितलं होतंस?” तिने विचारलं. “हात वर करायच्या आधी?”

“नाही. आज बघितलं. पहिल्यांदा.”

चारुदत्तला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, निघून जाईल. ती नुसती बघत राहिली, त्याच्या कमरेकडे नव्हे, तोंडाकडेच. चारुदत्तने सीटोंना सांगितलं की माझं मत मी परत घेतो. पुन्हा बैठक घ्या, पण कोपीटियममध्ये नको. इथे, या काचेपाशी, पाचही जणांनी एक तास उभं राहून बघायचं आणि मग हात वर करायचे. ते जमणार नसेल तर नवा सेक्रेटरी शोधा.

समितीने पुढे काय केलं ते आताच सांगून टाकतो. पाचही जण आले, थंडीने कुडकुडत तासभर उभे राहिले, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी कोच लॉइड राहिले. संघ त्यानंतरही बऱ्याच वेळा हरला. युरोपातल्या कोचने दुसरा क्लब धरला आणि तो क्लब बरा चाललाय. पण त्या शनिवारी यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. कोचचं काम गेलेलं होतं, मुलं उभी होती, आणि बर्फाचा अर्धा तास अजून शिल्लक होता.

कोच लॉइडनी शिट्टी वाजवली. मुलं एकेक करून बर्फावर उतरली. क्षिप्रा सर्वांत शेवटी गेली, आणि जाता जाता बापाकडे न बघता तिने ग्लोव्हची मूठ त्याच्या खांद्यावर हलकेच टेकवली. चारुदत्त तिथेच उभा राहिला. पाय हलवायचं त्याला सुचलं नाही.

कोच शाल तशीच अंगावर ठेवून त्याच्या बाजूला येऊन थांबले.

“तो पक मी अडवला होता,” ते म्हणाले. “तू मध्ये यायचं कारण नव्हतं.”

“माहीत आहे,” चारुदत्त म्हणाला. “पण तुम्ही पुष्कळ अडवलेत.”

कोच लॉइडनी यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण सतरा हिवाळे तोंडावर पक घेतलेल्या त्या माणसाला हे मात्र अडवता आलं नाही, आणि तो तसाच, शालीच्या टोकाने डोळे पुसत, मुलांकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला.